नियोजन नकाशे, पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील

एखाद्या प्रदेशातील जमिनीचा भावी वापर, रस्त्यांची आखणी, लोकोपयोगी कामांसाठी राखून ठेवावयाची क्षेत्रे आणि नदीकाठ, डोंगरउतार यांसारखे बांधकामास वर्ज्य असलेले भाग ज्या नकाशावर दर्शविलेले असतात, त्यास नियोजन नकाशा म्हणतात. त्याचे काम दुहेरी असते. प्रशासनाच्या दृष्टीने तो कायद्याने सिद्ध झालेला दस्तऐवज असतो. ज्यांच्या जमिनीवर तो आखला जातो, त्यांच्या दृष्टीने ती एक सूचना असते. पहिले काम नकाशा जितका अचूक, तितके चांगले होते. दुसरे काम मात्र केवळ अचूकतेने साधत नाही. आपले शेत, घर वा वाट नकाशात नेमकी कोठे आहे, हे जमीनधारकास ओळखता आले तरच ते साधते. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील नकाशांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. येथे शेतजमिनीचे नगरात रूपांतर जेमतेम दोन पिढ्यांत झाले आणि त्या काळात एकाच जमिनीवर निरनिराळ्या यंत्रणांचे नकाशे एकामागून एक आखले गेले.

हा पट्टा पुणे शहराच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेला आहे. पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांमधील पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, थेरगाव इ. गावांचे मिळून आजचे पिंपरी-चिंचवड शहर बनले असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. इंद्रायणीच्या पलीकडे खेड तालुक्यात चाकण हे जुने बाजाराचे गाव असून त्याच्या भोवती महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली, खराबवाडी, नाणेकरवाडी इ. गावांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले आहेत.

महसुली गावनकाशा : या प्रदेशातील सर्व नियोजन नकाशांचा पाया एकोणिसाव्या शतकातील महसुली मोजणीत आहे. पेशवाईच्या अस्तानंतर १८२० नंतरच्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने दख्खनमध्ये केलेली मोजणी व आकारणी सदोष ठरली. त्यानंतर १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी हाती घेतली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिची तत्त्वे निश्चित झाली. मोजणीचे मुख्य साधन ३३ फुटी शंकुसाखळी हे होते. तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढ्या क्षेत्रास गुंठा व ४० गुंठ्यांस एकर म्हणत. प्रत्येक शेताचे हातकच्चे मोजमाप ज्यावर नोंदले जाई, त्या कागदास टिपण म्हणतात. टिपणांवरून गावनकाशा तयार होई व त्यावर प्रत्येक शेतास सर्व्हे क्रमांक दिला जाई.

हा नकाशा करवसुलीसाठी होता, शेतकऱ्यास काही समजावून सांगण्यासाठी नव्हे. त्यात जमिनीचा चढउतार नाही, उंचीच्या समरेषा नाहीत. ओढे, विहिरी, देवळे व वाटा मात्र आहेत. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने, तर पाऊलवाट तुटक एकेरी रेषेने दाखविलेली असते. तरीही लोकांशी बोलण्याच्या बाबतीत तो पुढील अनेक नकाशांहून सरस होता, असे म्हणावे लागते. त्यातील प्रत्येक रेषेला जमिनीवर बांध होता व बांधाच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड होता. अक्षरशत्रू शेतकऱ्यास कागद वाचता येत नसला, तरी बांध वाचता येई आणि दोहोंत फरक पडल्यास मोजणीची मागणी करता येई.

मुंबईच्या १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड अधिनियमानंतर अनेक गावांत विखुरलेल्या जमिनी एकत्र करून सर्व्हे क्रमांकांऐवजी गट क्रमांक देण्यात आले. खेड तालुक्यात चाकणच्या बाजूस, तसेच चिखली, मोशी या गावांत गट क्रमांक आढळतात. पिंपरी, आकुर्डी, वाकड यांसारख्या गावांत सर्व्हे क्रमांकच राहिले. त्यामुळे इंद्रायणीच्या दोन्ही काठांवरील नकाशे जोडताना क्रमांकांच्या दोन पद्धती एकत्र आणाव्या लागतात. जुन्या खरेदीखतातील सर्व्हे क्रमांक आणि आजच्या सातबारा उताऱ्यातील गट क्रमांक यांची सांगड घालताना वकील व तलाठीही चाचपडतात, ही या भागातील नित्याची गोष्ट होय.

नगररचनेचा प्रारंभ : मुंबई इलाख्यात नगररचनेसाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा १९१४ मध्ये निर्माण झाली व १९१५ मध्ये नगररचना अधिनियम संमत झाला. याच सुमारास स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडेस भारतात आला. नकाशे, चित्रे व प्रतिकृती यांचे त्याने जमविलेले प्रदर्शन घेऊन येणारे जहाज १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तेव्हा नवी सामग्री गोळा करून त्याने ते १९१५ मध्ये मद्रास येथे भरविले. पुढे १९१९ पासून तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. होळकरांच्या इंदूर संस्थानासाठी काम करीत असताना त्याने दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढली. प्लेगचा राक्षस व उंदीर यांच्या सोंगांमागून इंदूर नगरीची देवता येत होती आणि तिच्या ध्वजावर शहराचा ठळक नकाशा रेखाटून योजलेले फेरबदल तांबड्या रेषांनी दाखविले होते, जेणेकरून प्रत्येक आळीतल्या माणसाला आपल्या आळीचे काय होणार, ते दिसावे. नियोजनाचा नकाशा कचेरीच्या भिंतीवरून रस्त्यावर आणण्याचा हा भारतातील आरंभीचा प्रयोग होय. शासकीय नगररचनेने गेडेसचे नाव आदराने घेतले. त्याची मिरवणूक मात्र उचलली नाही.

औद्योगिक वसाहत व नवनगर : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६१ च्या अधिनियमान्वये १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी या भागांत मोठ्या प्रमाणावर भूसंपादन होऊन कारखान्यांचे भूखंड पाडण्यात आले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा जानेवारी १९६७ मध्ये अंमलात आला. त्यान्वये पुणे महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना तयार होऊन ती १९७६ मध्ये मंजूर झाली व १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती मंजूर झाली. दरम्यान १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. एकाच शहरात महानगरपालिका, प्राधिकरण, औद्योगिक महामंडळ व देहूरोडचे कटकमंडळ यांचे निरनिराळे नकाशे झाले. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरता भाग रंगविला व हद्दीबाहेरचा भाग सामान्यतः कोरा ठेवला. ओढे व नाले ही हद्द मानत नाहीत, ही अडचण पुढे पुराच्या वेळी दिसून आली.

या काळातील विकास योजनेचा नकाशा हाताने तयार होत असे. भूकरमापकाने आणलेल्या मोजणीवरून आरेखक मूळ पत्रक काढी, अनुरेखक ते ट्रेसिंग कापडावर उतरवी आणि कापडावरून अमोनिया प्रती निघत. निवासी विभागास पिवळा, व्यापारी विभागास निळा, औद्योगिक विभागास जांभळा, सार्वजनिक व निमसार्वजनिक वापरास तांबडा, मोकळ्या जागा व शेती यांना हिरव्याच्या छटा, अशी रंगांची योजना रूढ झाली. अमोनिया प्रतीत रंग उतरत नसत. ते कुंचल्याने पुन्हा भरावे लागत. त्यामुळे रंगीत प्रती मोजक्याच असत व सामान्य नागरिकास त्या कार्यालयात जाऊनच पाहाव्या लागत.

कायद्याने या पाहण्यास निश्चित स्थान दिले आहे. प्रथम विद्यमान भूमिवापराचा नकाशा तयार करावयाचा (कलम २५), नंतर प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवावयाच्या (कलम २६), त्यांवर नियोजन समितीने सुनावणी घ्यावयाची (कलम २८) आणि शेवटी शासनाने योजनेस मंजुरी द्यावयाची (कलम ३१), असा हा क्रम आहे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकास नोटीस देऊन आरक्षण रद्द होण्याचा मार्ग कलम १२७ ने मोकळा ठेवला आहे. ही रचना उदार आहे. परंतु तिचे एक गृहीतक आहे. ज्याला हरकत घ्यावयाची, त्याने नकाशा पाहिला आहे व त्यात आपली जमीन ओळखली आहे, असे ते गृहीतक होय. राजपत्रातील व वृत्तपत्रांतील सूचना भोसरीच्या वा थेरगावच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली, तरी तिच्यापाठोपाठ येणारे पिवळे-जांभळे पत्रक त्याच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

चाकणच्या बाजूस तर लोकांना नियोजन कळले ते नकाशाऐवजी सातबाऱ्यावरून. औद्योगिक महामंडळासाठी जमीन अधिसूचित झाली, की उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तशी नोंद होते. तिला या भागात ‘शिक्का पडणे’ असे म्हणतात. शिक्का पडलेली जमीन विकणे वा तिच्यावर कर्ज काढणे अवघड होते, मग संपादन प्रत्यक्षात होवो अथवा न होवो. म्हणूनच शिक्के काढण्याची मागणी या पट्ट्यात वारंवार पुढे आली आहे. आखणीच्या नकाशात एखादा गट टप्प्याच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न ज्या शेतकऱ्याने तो नकाशा कधी पाहिलाही नाही, त्याच्या लेखी मुलीच्या लग्नाचा वा विहिरीच्या कर्जाचा प्रश्न बनतो. १९९० नंतरच्या काळात चाकणची औद्योगिक वाढ वेगाने झाली. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीझ-बेंझ या कंपन्यांचे कारखाने येथे सुरू झाले. याच परिसरात कित्येक वर्षे आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी वेगवेगळ्या जागा सुचविल्या जात होत्या. अखेर २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड जाहीर झाली. तोवर प्रत्येक जागेबरोबर जमिनींचे व्यवहार व लोकांचा विरोध यांचे केंद्रही सरकत राहिले.

नकाशाचे प्रमाण आणि गुंठा : कारखान्यांत आलेल्या कामगारांना परवडतील अशी घरे पुरेशा प्रमाणात न मिळाल्याने शेतकऱ्यांकडून एक-दोन गुंठे जमीन घेऊन घर बांधण्याची प्रथा पडली. हे व्यवहार मुख्यतः विश्वासावर व मुद्रांक कागदावर होत. स्वतंत्र मोजणी नसे. अशा विकासास नियमित करण्यासाठी राज्यास २००१ मध्ये गुंठेवारीचा अधिनियम करावा लागला. येथे नकाशाच्या प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. गुंठ्याची बाजू सु. १०·०६ मी. असते. १ : ४,००० प्रमाणाच्या विकास योजना पत्रकावर ती सु. २·५ मिमी. भरते, १ : १०,००० प्रमाणावर १ मिमी., तर १ : ५०,००० प्रमाणाच्या प्रादेशिक नकाशावर केवळ ०·२ मिमी. म्हणजे प्रादेशिक नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा ओढली, तर ती जमिनीवर २५ मी. रुंद होते व तिच्याखाली दोन घरे सहज झाकली जातात. आरेखकाच्या दृष्टीने ती निव्वळ रेषेची जाडी असते.

या विसंगतीचे उदाहरण म्हणजे ३० मी. रुंदीचा नियोजित उच्च क्षमता जलद वाहतूक मार्ग होय. १९९० नंतरच्या दशकात मंजूर झालेल्या योजनेत तो होता. परंतु त्याच्या आखणीवर व तिच्या आसपास गुंठ्यागुंठ्यांनी घरे होत गेली. २०१७ मध्ये थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, वाल्हेकरवाडी या भागांत मार्गासाठी कारवाई सुरू होताच रहिवाशांनी घर बचाव संघर्ष समितीच्या नावाने आंदोलन उभारले. रस्ता नकाशात होता, हे प्रशासनाचे म्हणणे खोटे नव्हते. जमिनीवर त्याची एकही खूण नव्हती, हे रहिवाशांचे म्हणणेही खोटे नव्हते. महसुली मोजणीत प्रत्येक रेषेस दगड होता. विकास योजनेच्या रेषेस दगड लावण्याची तशी सार्वत्रिक रीत पडली नाही, हे या वादाचे मूळ म्हणता येईल.

अशीच दुसरी रेषा संरक्षण खात्याची आहे. देहूरोड येथील दारूगोळा भांडाराच्या हद्दीपासून २,००० यार्डांपर्यंतचे (सु. १·८३ किमी.) क्षेत्र निर्बंधित असून लोक त्यास ‘रेड झोन’ म्हणतात. निगडी, तळवडे, यमुनानगर या परिसरातील वस्तीचा काही भाग त्यात मोडतो. ही रेषा सर्व्हे क्रमांकांवरून नेमकी कोठून जाते, याबद्दलचा संभ्रम अनेक वर्षे टिकला. गंमतीची गोष्ट अशी, की एकाच शहरात तांबड्या रंगाला तीन अर्थ आहेत : विकास योजनेत तो शाळा-रुग्णालयांसारख्या सार्वजनिक वापराचा, जलसंपदा विभागाच्या नकाशात पुराच्या वरच्या मर्यादेचा आणि बोलीभाषेत दारूगोळ्याच्या धोक्याचा.

अंकीय नकाशे व प्रतिमाने : १९८८ मध्ये भारताचा आय.आर.एस.-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात गेला व त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने भूपृष्ठाची जोडचित्रे घेऊन उंचीची माहिती मिळविणे सुलभ केले. कापडावरच्या पत्रकांची जागा भौगोलिक माहिती प्रणालीने घेतली. तीत रस्ते, भूमिवापर, नाले, सर्व्हे क्रमांक हे स्वतंत्र थर म्हणून साठविले जातात व हवे ते एकमेकांवर ठेवता येतात. जुने गावनकाशे या प्रणालीत आणताना मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रत्येक गाव स्वतंत्रपणे मोजले गेले असल्याने शेजारच्या दोन गावांच्या शिवा एकमेकींस तंतोतंत जुळत नाहीत. कोठे फट राहते, कोठे एक शीव दुसरीवर चढते. उपग्रहचित्रावरचा बांध व गावनकाशावरची रेषा यांतही काही मीटरांचा फरक पडतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या साखळीच्या मानाने ही चूक क्षम्य आहे. गुंठ्याच्या घराच्या मानाने नाही. पुणे जिल्ह्यातच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी प्रायोगिक तत्त्वावर झाली व २०२० मध्ये देशभर स्वामित्व योजना सुरू झाली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी. गावठाणाबाहेरील गुंठेवारीस मात्र या योजनेचा उपयोग होत नाही.

उंचीचे अंकीय प्रतिमान म्हणजे भूपृष्ठावरील बिंदूंच्या उंचीचे जाळे होय. त्यावरून उतार, पाणलोट व पुराची व्याप्ती काढता येते. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) नद्या व धरणे यांच्या प्रत्यक्ष लहान प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडण्याची परंपरा जुनी आहे. ज्यास अशी प्रतिकृती पाहावयास मिळे, त्यास पाणी कोठवर चढते हे निराळे समजावून सांगावे लागत नसे. संगणकीय प्रतिमान तेच गणिताने करते व त्याचे फलित अखेर रेषेच्या रूपाने नकाशावर येते. महाराष्ट्रात सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तर दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थ बहुतेकांना चुकीचा लागतो. एकदा पूर येऊन गेला, की आता पंचवीस वर्षे निर्धास्त, असा समज असतो. वस्तुतः असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के असते आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता सु. ७० टक्के भरते. शिवाय १०० मीटरांत १ मी. उतार असलेल्या काठावर उंचीत १ मीटरची चूक झाली, तर पूररेषा १०० मीटरांनी सरकते. उपग्रहावरून मिळालेल्या उंचीत काही मीटरांचा फरक असू शकतो, म्हणून पूररेषेसाठी प्रत्यक्ष जागेवर पातळ्या घेणे अटळ ठरते.

निळी रेषा ही केवळ कागदी बाब नाही, याचा प्रत्यय चिखली येथे आला. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०२४ मधील आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. त्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला होता. नदीकाठाच्या रक्षणाच्या दृष्टीने हा आदेश रास्त होता. परंतु भूखंड घेणाऱ्यास ती रेषा खरेदीच्या दिवशी दिसली असती, तर बंगले बांधण्याची व पाडण्याची वेळच आली नसती.

प्रारूप योजना आणि हरकती : पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये त्यात विलीन झाले. त्याच वर्षी चाकण परिसरासह आठशेहून अधिक गावांची प्रारूप विकास योजना या प्राधिकरणाने प्रसिद्ध केली. नकाशे संकेतस्थळावर उपलब्ध झाल्याने पूर्वी कार्यालयाच्या भिंतीवर असलेले पत्रक प्रथमच घराघरांत पोहोचले. सु. ६७ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. २०२५ मध्ये शासनाने ही प्रारूप योजना रद्द करण्याचा निर्णय घेतला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत १९९७ मध्ये आसपासची गावे समाविष्ट झाली होती आणि त्यांची योजना मंजूर होईपर्यंत दशकाहून अधिक काळ लोटला होता. संपूर्ण शहराची सुधारित प्रारूप योजना मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली व तीवर सु. ५० हजार हरकती आल्या.

हरकतींची ही संख्या नियोजनाच्या अपयशाचे चिन्ह मानण्याचा प्रघात आहे. तो पुरता योग्य नाही. आरक्षणाखाली आलेले आपले घर नकाशात ओळखल्याशिवाय कोणी हरकत घेत नाही. त्या अर्थी अधिक लोकांनी नकाशा वाचला, असेही या आकड्यांवरून दिसते. मात्र संकेतस्थळावरील पत्रक मोठे करून पाहता आले, तरी ते ज्या प्रमाणावर आखले गेले त्याहून अधिक अचूक होत नाही. पडद्यावर रेषा घराच्या भिंतीस चाटून गेलेली दिसते, तेवढ्यावरून घर वाचले वा गेले असे ठरत नाही. तो निर्णय जागेवरील मोजणीनेच होतो. म्हणूनच जमीन घेताना जाणकार मंडळी नगररचना कार्यालयातून झोन दाखला व भाग नकाशा मागवितात. त्यासाठीच्या अर्जात आजही प्रथम गावाचे नाव आणि सर्व्हे वा गट क्रमांक लिहावा लागतो व अर्जासोबत मोजणीचा नकाशा जोडावा लागतो.